टायमर चालतो, पेज फॉल्टला मशीन रीबूट होतं: स्टॅकच्या आठ बाइटचा हिशेब

प्रश्न असा आहे: "ताई, माझ्या छोट्या कर्नलमध्ये टायमरचा इंटरप्ट तासन्‌तास चालतो. 'इंट १४' ही सूचना टाकून पेज फॉल्टचा हँडलर तपासला, तोही चालला. पण खरा पेज फॉल्ट आला की लॅपटॉप सरळ रीबूट होतो. क्यूईएमूमध्ये मात्र हाच कर्नल नीट चालतो. कुठेतरी वाचून हँडलरला कॉल करण्याआधी स्टॅक पॉइंटरमधून आठ वजा केले, तर पेज फॉल्ट चालायला लागला आणि टायमर पडायला लागला. आता दोन मॅक्रो करू का, एक आठ वजा करणारा आणि एक न करणारा?"

विचारणारी मुलगी ठाण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी महापेत गेली वीसेक वर्षं फर्मवेअर आणि कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काम करते. रविवारी ती लॅपटॉप घेऊन घणसोलीला घरी आली होती. दोन तासांत आम्ही चूक शोधली, पण तिला ठाण्याची गाडी पकडायची होती आणि 'असं का' हे सांगायचं राहून गेलं. ते आता लिहिते. (इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरला दुसरीकडे वळवणारा इशारा; पेज फॉल्ट म्हणजे मॅप न केलेल्या किंवा मनाई असलेल्या पत्त्याला हात लावल्यावर येणारा; हँडलर म्हणजे त्यावर चालणारं फंक्शन; स्टॅक म्हणजे खाली वाढत जाणारी तात्पुरत्या नोंदींची मेमरी; आणि क्यूईएमू म्हणजे सॉफ्टवेअरमधलं नकली मशीन.)

दोन मॅक्रो करू नकोस. ते चालतील, आणि मला भीती त्याचीच वाटते. आज चालतील, मग दोन महिन्यांनी तू फ्रेममध्ये, म्हणजे इंटरप्टच्या वेळी स्टॅकवर जपलेल्या गठ्ठ्यात, एक रजिस्टर वाढवशील आणि दोन्ही मॅक्रो उलटे होतील. तेव्हा हा आठचा आकडा कुठून आला होता हे तुलाही आठवणार नाही. आठ वजा करणं हे ठिगळ आहे. आधी कापड कुठे फाटलंय ते बघू.

एक्स८६-६४ वर सी कोडचा करार असा आहे की कॉल करण्याच्या क्षणी स्टॅक पॉइंटरला, म्हणजे आरएसपीला, १६ने भाग गेला पाहिजे. कॉल स्वतः परतीचा पत्ता ढकलतो, तो ८ बाइटचा. म्हणून कोणत्याही सी फंक्शनच्या पहिल्या सूचनेवर आरएसपीचा शेवटचा हेक्स अंक ८ असतो. कंपायलर हे गृहीत धरून चालतो, तपासत नाही. सीमधून सीला कॉल होतो तेव्हा दोन्ही बाजूंना कंपायलरच असल्यामुळे हिशेब आपोआप जुळतो. असेंब्लीतून सीमध्ये शिरताना मात्र तो जुळवायची जबाबदारी तुझी. इंटरप्टचा प्रत्येक स्टब, म्हणजे सी हँडलरला कॉल करणारा असेंब्लीचा छोटा तुकडा, हे असंच एक दार आहे.

आता प्रोसेसर काय करतो ते पाहा. इंटरप्ट कुठल्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊ शकतो, त्यामुळे त्या क्षणी आरएसपी कसाही असू शकतो. ६४ बिट मोडमध्ये प्रोसेसर आधी तो खाली सरकवून १६च्या पटीत आणतो आणि मगच ढकलायला लागतो: एसएस, जुना आरएसपी, आरफ्लॅग्ज, सीएस, आरआयपी. पाच गोष्टी, ४० बाइट. जुना आरएसपी फ्रेममध्येच असल्यामुळे आयरेटक्यू या परतीच्या सूचनेच्या वेळी सगळं जागच्या जागी परत येतं. म्हणजे सुरुवात नेहमी स्वच्छ असते, ही प्रोसेसरने दिलेली हमी आहे. पण काही एक्सेप्शनना, म्हणजे सूचना चालवताना उद्भवलेल्या चुकांना, प्रोसेसर सहावी गोष्टही ढकलतो, ती म्हणजे एरर कोड. डबल फॉल्ट (८), टीएसएस, सेगमेंट आणि स्टॅकचे फॉल्ट (१० ते १२), जनरल प्रोटेक्शन (१३), पेज फॉल्ट (१४), अलाइनमेंट चेक (१७) आणि नव्या प्रोसेसरवर २१, २९, ३० हे क्रमांक. त्यांची फ्रेम ४८ बाइटची. टायमरसारख्या बाहेरच्या इंटरप्टला एरर कोड नसतो.

तुझा मॅक्रो यानंतर १५ रजिस्टर ढकलतो, म्हणजे १२० बाइट, आणि कॉल करतो. टायमरसाठी ४० अधिक १२०, बरोबर १६०, १६ने भाग जातो. पेज फॉल्टसाठी ४८ अधिक १२०, म्हणजे १६८, आठ उरतात. तुझा टायमर बरोबर होता तो योगायोगाने आणि पेज फॉल्ट चुकला तो त्याच योगायोगाने. सरसकट आठ वजा केलेस तेव्हा १६८चे १७६ झाले आणि १६०चे १६८. बाजू बदलली एवढंच.

मग 'इंट १४' का चालला? कारण सूचना लिहून घडवलेला इंटरप्ट एरर कोड ढकलतच नाही, क्रमांक १४ असला तरी. तू पेज फॉल्टचं दार तपासलंस असं तुला वाटलं. प्रत्यक्षात टायमरच्याच आकाराची फ्रेम त्या दारातून आत आली. खूण समोरच होती: त्या चाचणीत तुझ्या स्क्रीनवर एरर कोड म्हणून एक लांबलचक आकडा छापला गेला होता. पेज फॉल्टचा खरा एरर कोड खालच्या मोजक्या बिटांत मावतो. तो लांब आकडा परतीचा पत्ता होता, आरआयपी. तुझा हँडलर अजून माहिती छापून तिथेच थांबतो म्हणून पुढचा गोंधळ दिसला नाही. तो परत फिरत असता तर एरर कोड समजून आठ बाइट टाकून दिले असते आणि आयरेटक्यूने भलतंच काहीतरी आरआयपी म्हणून उचललं असतं. एक्सेप्शन तपासायचे तर खरेच घडव. मॅप न केलेला पत्ता वाच, शून्याने भाग, यूडी२ ही मुद्दाम अवैध ठेवलेली सूचना चालव, १३साठी कॅनॉनिकल नसलेला, म्हणजे वरचे बिट नियमात न बसणारा, पत्ता वापर.

स्टॅक आठने सरकला तर बिघडतं काय? बहुतेक सूचनांचं काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. ती उघडी पडते एसएसईच्या, म्हणजे १६ बाइटच्या एक्सएमएम रजिस्टरांवर काम करणाऱ्या, काही सूचनांवर. मूव्हॅप्स आणि तिच्या जातीच्या सूचना १६ बाइट एकदम हलवतात आणि पत्ता १६च्या पटीत नसेल तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट देतात, एरर कोड ०. नावावरून वाटतं की अलाइनमेंट चेकचा १७ नंबर यायला हवा, पण तो फक्त यूजर मोडमध्ये आणि खास बिट चालू असतील तरच येतो. कर्नलमध्ये ही चूक १३ हाच क्रमांक घेऊन येते. एसएसई चालूच केलेलं नसेल तर तिथे ६ दिसतो, अवैध सूचना. तू यूईएफआय फर्मवेअरमधून बूट करतेस, तिथे एसएसई आधीच चालू असतं. म्हणून तुला १३.

तुझ्या कोडमध्ये एसएसईची एकही ओळ नाही असं तू म्हणालीस, आणि ते खरंच आहे. पण पेज फॉल्टच्या हँडलरमध्ये तू माहितीचं एक लहान स्ट्रक्ट घेतलंस आणि ते शून्याने भरलंस. जीसीसी या कंपायलरने ऑप्टिमायझेशन लावून त्याचं भाषांतर 'एक्सएमएम० शून्य कर आणि मूव्हॅप्सने स्टॅकवर ठेव' असं केलं. १६ बाइट एका सूचनेत भरता येत असतील तर तो भरणारच. टायमरच्या हँडलरमध्ये शंभराव्या ठोक्याला घड्याळ छापताना असंच एक स्ट्रक्ट आहे. म्हणून ठिगळ लावल्यावर टायमर लगेच न पडता थोडा चालून पडत होता.

आता सरळ रीबूट का, 'जनरल प्रोटेक्शन' असा निरोप तरी का नाही? कारण १३च्या हँडलरचा मॅक्रो तोच आणि स्ट्रक्टही तेच. १३लाही एरर कोड असतो, म्हणजे त्याचाही स्टॅक आठने सरकलेला. पेज फॉल्टचा हँडलर मूव्हॅप्सवर पडतो, १३ येतो. १३चा हँडलर त्याच्या मूव्हॅप्सवर पडतो, पुन्हा १३. प्रत्येक फेरीत स्टॅक खाली जातो. एका फेरीला तीनशे बाइट धरले तर १६ केबीचा स्टॅक पन्नासेक फेऱ्यांत संपतो. खाली मॅप न केलेलं पान असलं की पुढची फ्रेम ढकलायलाही जागा उरत नाही. डबल फॉल्ट येतो, त्याची फ्रेमही त्याच संपलेल्या स्टॅकवर जाऊ पाहते, मग ट्रिपल फॉल्ट आणि मशीन रीसेट. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. खाली रिकामं पान नसेल तर आणखी वाईट, तेव्हा स्टॅक शेजारचा डेटा खात जातो आणि मशीन पडतं ते तिसऱ्याच ठिकाणी.

यासाठी डबल फॉल्टला आयएसटीमधला, म्हणजे इंटरप्टसाठी राखीव स्टॅकच्या यादीतला, वेगळा स्टॅक दे. टीएसएस या प्रोसेसरसाठीच्या टेबलात अशा सात जागा असतात. पण टीएसएसचं स्ट्रक्ट 'पॅक्ड' कर. त्यात पहिले ४ बाइट राखीव आहेत आणि आरएसपी० चौथ्या बाइटपासून सुरू होतो. पॅक्ड नसेल तर कंपायलर मध्ये चार बाइटची भर घालतो आणि पुढचे सगळे पत्ते सरकतात. एकूण आकार १०४ बाइट भरला पाहिजे, तो मोजून बघ. आणि स्टॅक म्हणून ॲरेचा शेवट द्यायचा असतो, सुरुवात नव्हे. या दोन चुका मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की कुणी 'स्टॅकचा गोंधळ आहे' म्हणालं की मी आधी हेच विचारते.

क्यूईएमूमध्ये का चाललं, हा तुझ्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग. क्यूईएमू दोन प्रकारे चालतं. केव्हीएम लावलं तर सूचना खऱ्या प्रोसेसरवर चालतात. नाहीतर टीसीजी नावाचा भाग प्रत्येक सूचनेचं भाषांतर करून ती चालवतो. जुन्या आवृत्त्यांमधला टीसीजी मूव्हॅप्सचा पत्ता १६च्या पटीत आहे का हे तपासतच नसे, निमूटपणे सूचना पूर्ण करायचा. नव्या आवृत्त्या तपासतात. तुझ्या लॅपटॉपवरची आवृत्ती जुनी होती. यात आणखी एक अडचण अशी की इंटरप्टची नोंद छापणारा 'डी इंट' हा पर्याय टीसीजीवरच काम करतो, केव्हीएमवर नाही. म्हणजे जुन्या आवृत्तीत जिथे नोंद मिळते तिथे चूक दिसत नाही आणि जिथे चूक दिसते तिथे नोंद मिळत नाही. क्यूईएमू नवं घे, केव्हीएम न लावता चालव, आणि रीबूट न करण्याचा पर्याय लाव म्हणजे शेवटची नोंद पुसली जाणार नाही.

त्या नोंदीत लोक शेवटची ओळ वाचतात. तू १४नंतरची पहिली १३ शोध. तिच्यापुढच्या पन्नास ओळी नुसत्या प्रतिध्वनी आहेत. त्या ओळीतला आयपी, म्हणजे सूचनेचा पत्ता, घेऊन ऑब्जडंपने काढलेल्या असेंब्लीच्या उताऱ्यात ती सूचना काढ. तिथे मूव्हॅप्स आणि एक्सएमएम दिसलं की ओळीतल्या एसपीचा शेवटचा अंक बघ. सूचना 'आरएसपी अधिक ३२' अशा जागी लिहीत असेल आणि एसपी ८वर संपत असेल, तर निदान झालं. एसपी ०वर संपत असेल तर मात्र थांब. तिथे चूक दुसरी आहे, बहुधा कॅनॉनिकल नसलेला पत्ता, कारण त्यालाही १३ आणि एरर कोड ० असंच येतं.

टेबलावर चालतं आणि बाहेर पडतं, यातून मी स्वतः गेले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका छोट्या कंपनीत आम्ही एआरएमची कॉर्टेक्स-एम३ चिप घेऊन मोजमापाचं एक उपकरण बनवत होतो. डेव्हलपमेंट बोर्डावर आकडे चोख. ग्राहकाकडे लावलेल्या उपकरणांत दिवसातून एखाद्या वेळी दशांश आकड्याच्या जागी अर्थहीन काहीतरी यायचं आणि पुढच्याच नोंदीत सगळं पूर्ववत. फॉल्ट नाही, रीसेट नाही. तीन आठवडे आम्ही सेन्सर, वायरिंग, वीजपुरवठा तपासला. मी सकाळच्या गाडीत कागदावर मेमरीचे उतारे घेऊन बसायचे.

कारण असं होतं. कॉर्टेक्स-एम प्रोसेसर इंटरप्टच्या वेळी आठ शब्द ढकलतो, ३२ बाइट. एआरएमचा करार सांगतो की फंक्शनच्या सीमेवर स्टॅक ८च्या पटीत हवा. पण फंक्शनच्या पोटात तो तात्पुरता ४च्या पटीत असला तरी चालतं. नेमका त्या क्षणी इंटरप्ट आला तर हँडलर ४ बाइटने सरकलेल्या स्टॅकवर सुरू होतो. आमच्या हँडलरमध्ये दशांश आकड्याची स्ट्रिंग तयार होत होती. इंटरप्टच्या आत ते काम करणं हीच वेगळी चूक होती, पण ते असो. कॉल करणारा डबल आकडा आपल्या समजुतीप्रमाणे ८च्या जागी ठेवतो. वाचणारा प्रत्यक्ष पत्ता ८च्या पटीत वर नेऊन तिथून उचलतो. सरकलेल्या स्टॅकवर दोघांच्या जागा चार बाइटने वेगळ्या. अर्धा आकडा एकीकडचा, अर्धा दुसरीकडचा.

प्रोसेसरकडे यावर उपाय होता. कॉन्फिगरेशन कंट्रोल रजिस्टरचा नववा बिट, एसटीकेअलाइन. तो १ असला की प्रोसेसर स्वतः चार बाइटची फट सोडून स्टॅक ८च्या पटीत आणतो आणि फट सोडल्याची खूण ढकललेल्या एक्सपीएसआर या स्थितीच्या रजिस्टरच्या नवव्या बिटात ठेवतो. कॉर्टेक्स-एम३च्या आर२पी० आवृत्तीपासून हा बिट सुरुवातीलाच १ असतो, त्याआधीच्या आर१ मालिकेत ०. आमच्या बोर्डावरची चिप नवी होती आणि उत्पादनासाठी घेतलेली जुनी. दुरुस्ती एका ओळीची: बूट होताना तो बिट १ करा. त्यानंतर फॉल्टची माहिती छापणारा आमचा कोडही बदलावा लागला, कारण मूळ स्टॅक पॉइंटर काढताना तो नुसते ३२ मिळवत होता. खूण असेल तर ३६ मिळवायला हवेत, आणि कॉर्टेक्स-एम४सारख्या, फ्लोटिंग पॉइंटची सोय असलेल्या चिपवर मोठी फ्रेम असेल तर १०४ किंवा १०८. त्या दिवसापासून नवा बोर्ड हातात आला की मी आधी चिपची आवृत्ती वाचते.

आता तुझ्या कोडची दुरुस्ती. सगळ्या फ्रेम एका मापाच्या कर. ज्या एक्सेप्शनना एरर कोड नाही त्यांच्या स्टबमध्ये एक खोटा ० ढकल. त्यानंतर सगळ्याच स्टबमध्ये एक्सेप्शनचा क्रमांक ढकल आणि एका सामाईक ठिकाणी उडी मार. तिथे १५ रजिस्टर. मोज: प्रोसेसरच्या पाच, एरर कोड खरा किंवा खोटा एक, क्रमांक एक, रजिस्टर पंधरा. एकूण २२, म्हणजे १७६ बाइट, ११ गुणिले १६. परत जाताना रजिस्टर काढल्यावर क्रमांक आणि एरर कोड मिळून १६ बाइट टाक आणि मग आयरेटक्यू. हा हिशेब स्टबच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिही, बेरजेसकट. आणि सीच्या बाजूला या फ्रेमचं जे स्ट्रक्ट आहे त्याखाली एक स्टॅटिक असर्ट टाक की त्याच्या आकाराला १६ने भाग जातो. उद्या तू सीआर२, म्हणजे पेज फॉल्टचा पत्ता ठेवणारं रजिस्टर, फ्रेममध्ये ठेवायला गेलीस की १८४ होतील आणि मशीन पडायच्या आधी कंपायलरच तुला अडवेल.

शिवाय कॉलच्या अगदी आधी, विकासाच्या काळापुरती, एक तपासणी ठेव. आरएसपीचे खालचे चार बिट शून्य आहेत का? नसतील तर तिथेच थांब. थांबण्याआधी काही छापायला जाऊ नकोस, छापणारं फंक्शन हेच मुळात सीमध्ये आहे आणि त्याच कारणाने पडू शकतं. क्यूईएमूमध्ये सीरियल पोर्टवर एक अक्षर टाक. तुझ्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नाही, तर फ्रेमबफरच्या कोपऱ्यात असेंब्लीतूनच लाल चौकोन रंगव. चार ओळींचं काम आहे.

दुसरी एक रीत तुला सगळीकडे दिसेल: आरएसपी आरबीपी या रजिस्टरमध्ये ठेवायचा, आरएसपीचे खालचे चार बिट पुसायचे, कॉल करायचा आणि परतल्यावर आरबीपीतून आरएसपी परत घ्यायचा. आरबीपी सी फंक्शन जपून ठेवतं म्हणून हे बरोबर आहे. फ्रेमचा पत्ता हँडलरला द्यायचा असेल तर तो बिट पुसायच्या आधी घ्यायचा, आणि मूळ आरएसपी न जपता पुसलास तर परतीची वाटच बंद. ३२ बिट एक्स८६ वर मी हीच रीत वापरेन. तिथे प्रोसेसर स्टॅक आधी सारखा करत नाही. कर्नलमध्येच इंटरप्ट आला तर १२ बाइट ढकलतो, यूजरमधून आला तर २०, एरर कोड असला तर आणखी ४. सुरुवातच हातात नाही, तर मोजणार कुठून? पण ६४ बिटवर सुरुवात पक्की आहे. तिथे ही रीत वापरली तर एखादा पुश राहिला तरी ती चूक झाकून टाकते, आणि मग तीच चूक आयरेटक्यूला भेटते. म्हणून तुझ्यासाठी मोजणंच.

कंपायलरच्या पर्यायांबद्दल. कर्नलसाठी एसएसई बंद ठेवायचं, 'एम-जनरल-रेग्ज-ओन्ली' लावून. तो लावलास की मूव्हॅप्स नाहीसा होईल आणि तुझा मूळ बग दिसेनासा होईल, बरा न होता. म्हणून आधी हिशेब, मग पर्याय. पण पर्याय लावच, आणि त्याचं कारण अलाइनमेंटपेक्षा मोठं आहे. तुझा स्टब एक्सएमएम रजिस्टर जपत नाही. हँडलरने एक्सएमएम० शून्य केलं की ज्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवलं त्याचा चालू हिशेब बिघडला, आणि त्याला ते कधीच कळणार नाही. रीबूट झालेलं किमान दिसतं तरी. ती रजिस्टर जपायची झाली तर एफएक्ससेव्ह या सूचनेला १६च्या पटीतली ५१२ बाइटची जागा लागते आणि एक्ससेव्हला ६४च्या पटीतली, तेव्हा अलाइनमेंटचा प्रश्न पुन्हा दारात. 'एम-नो-रेड-झोन' तर हवाच. आरएसपीच्या खालचे १२८ बाइट कंपायलर हक्काने वापरतो आणि कर्नलमध्ये इंटरप्टची फ्रेम नेमकी तिथेच पडते. त्या चुकीत १३ येत नाही, एखाद्या लहान फंक्शनमधलं व्हेरिएबल आपोआप बदललेलं दिसतं.

तू म्हणालीस की लिनक्सचा स्टब वाचून तसाच लिहायचा विचार होता. वाच जरूर. पण लिनक्सची रजिस्टरांची फ्रेम २१ शब्दांची आहे, १६८ बाइट, म्हणजे १६च्या हिशेबात आठने सरकलेली. त्यांना ते चालतं, कारण त्यांनी कंपायलरलाच सांगितलंय की स्टॅक फक्त ८च्या पटीत धर, आणि एसएसई बंद केलंय. जिथे खरंच एसएसई लागतं तिथे ते कर्नल-एफपीयू-बिगिन आणि एंड या जोडीच्या मध्येच वापरतात. स्टब त्यांचा आणि कंपायलरचे पर्याय तुझे असं झालं तर आत्ताचीच चूक पुन्हा घरी आणशील.

दुसरी दारंही आहेत. नवा थ्रेड पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा बहुतेक जण त्याच्या स्टॅकवर फंक्शनचा पत्ता ठेवून रेट ही परतीची सूचना चालवतात. वरचं टोक १६च्या पटीत असेल तर रेटनंतर आरएसपी ०वर संपतो, पण फंक्शनला ८ हवा असतो. पत्त्याच्या वर एक खोटा परतीचा पत्ता, ०, ठेव. बॅकट्रेसही तिथेच थांबेल. यूजर प्रोग्रॅमच्या स्टार्टला उलट आहे, तिथे करारानुसार आरएसपी ०वरच असतो, म्हणून स्टार्ट थेट सीमध्ये लिहू नये. आणि पुढच्या सत्रात सिसकॉल करशील तेव्हा लक्षात ठेव की सिसकॉल ही सूचना स्टॅकला हातच लावत नाही. आरएसपी यूजरचाच राहतो, सारखा करणं नाही, ढकलणं नाही. इंटरप्टचा २२चा हिशेब तिथे लागू नाही, तो नव्याने मांडावा लागेल.

एआरएम६४ वर गेलीस तर तिथे प्रोसेसर स्टॅकवर काहीच ढकलत नाही, पण एसपी १६च्या पटीत नसताना त्यावरून मेमरी वाचली-लिहिली तर तो स्वतंत्र फॉल्ट देतो, म्हणजे निदान सोपं. ३१ रजिस्टर, परतीचा पत्ता ठेवणारं ईएलआर आणि स्थिती ठेवणारं एसपीएसआर मिळून ३३ शब्द, २६४ बाइट. फ्रेम २७२ची घ्यावी लागते.

येत्या रविवारी येताना तीन गोष्टी आण. नव्या क्यूईएमूवरची नोंद, ऑब्जडंपमध्ये हँडलरचा भाग, आणि स्टबच्या डोक्यावर तुझ्या हाताने मांडलेली बेरीज. लॅपटॉपवर आधी खऱ्या पेज फॉल्टने तपास. एरर कोड एखाद्या अंकाचा आला आणि कोपऱ्यात लाल चौकोन नसला, तर मग आपण सरळ सीआर२ फ्रेममध्ये कसा घ्यायचा ते बघू.